चार बाय दोनचं विश्व

काकू मला कधी फोन करत नसत. फोन सरांचा यायचा, आणि बोलणं संपत आलं की मागून काकूंचा आवाज ऐकू यायचा, "तिला म्हणावं पोराला घेऊन ये एकदा." त्यामुळे बी.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा घेत असताना मोबाइलवर सरांचं नाव दिसलं आणि पलीकडून काकू बोलल्या, तेव्हा पुढचं ऐकायच्या आधीच मला कळलं. "सुनीता, सर गेले गं सकाळी..." एवढंच त्या म्हणाल्या. समोर दोन मुली लोलकाचे झोके मोजत होत्या. त्यांचं मोजणं चुकू नये म्हणून मी हळूच बाहेर व्हरांड्यात आले. माणूस अशा वेळी कसल्या गोष्टी सांभाळत बसतो कोण जाणे. सरांनीही तेच केलं असतं, हे मात्र खरं.

लातूरहून नांदेडची बस मिळाली. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा आलं. सगळ्या रस्त्यात मला रडू आलं नाही, आणि त्याचा मला राग येत राहिला. गेल्या दीड महिन्यात सरांबद्दल बरंच बोललं गेलं आहे. शोकसभा झाली, त्यांचे विद्यार्थी कुठकुठून आले, कुणी त्यांच्या साधेपणावर बोललं, कुणी शिस्तीवर. ते सगळं खरं आहे, मी त्यात भर घालणार नाही. मला दुसरंच सांगायचं आहे. सरांनी एक चूक स्वतःच्या नावावर लिहून घेतली होती. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. ते त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही, आणि आता विचारायला माणूसच राहिला नाही... बसमध्ये माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

डॉ. वडजे मुखेड तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावचे. घरी शेती, ती भाऊ बघतो. नांदेडच्या एका कॉलेजात त्यांनी तीसेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं आणि एक पेन्सिल. बोलणं कमी, आणि जे बोलत ते मुखेडच्या बोलीतच. पुण्याच्या चर्चासत्रात गेले तरी तेच. मी एम.एस्सी.ला त्यांची विद्यार्थिनी होते आणि पुढे पीएच.डी.लाही त्यांच्याकडेच राहिले. हुशार विद्यार्थी पुण्याला किंवा हैदराबादला जात. मी राहिले, कारण माझं लग्न ठरलं होतं. सर हे ओळखून होते, पण त्यांनी मला कधी उरलेल्यांत धरलं नाही.

विश्व प्रसरण पावत आहे, हे आपण सगळेच कुठेतरी वाचतो आणि सोडून देतो. सरांनी सोडलं नाही. हे प्रसरण प्रयोगशाळेतल्या टेबलावर आणता येईल का, हा त्यांचा ध्यास होता. परदेशात यावर मोठं काम चालतं. अणूंचा एक इवलासा ढग निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करतात, आणि त्या ढगातला आवाजाचा वेग हवा तसा बदलतात. मग त्या ढगातून जाणाऱ्या ध्वनिलहरीची गत प्रसरणाऱ्या विश्वातल्या प्रकाशासारखी होते. दोन्हींचं गणित एकच आहे. "पण आपल्याकडं एप्रिलात माठातलं पाणी थंड राहीना, अणू कुठून थंड करायचे?" सर म्हणायचे. यावर त्यांनी काढलेला तोडगा इतका साधा होता की पहिल्यांदा ऐकून मी हसले होते. उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. पाणी उथळ होत गेलं की लाट मंदावत जाते. मग एका पसरट पेटीत पाणी घ्यायचं, लाट सोडायची, आणि ती चालत असतानाच तळातून पाणी एकसारखं काढून घ्यायचं.

"बाहेरून बघणाऱ्याला दिसतंय पाणी कमी व्हायलंय," ते म्हणाले होते. "तसं नको बघू. लाटेच्या बाजूनं बघ. तिला काय वाटंल? तिला वाटंल, पलीकडचा काठ दूर चाललाय. आत्ता पोचंन म्हणलं तर पोचणंच होईना. तिच्यापुरतं जग मोठं होऊन राहिलंय."

मी हसायची थांबले. आजही वर्गात हा भाग शिकवताना मी हेच वाक्य म्हणते, फक्त त्यांच्यासारखं म्हणता येत नाही.

पेटीचा तळ बारीक भोकांचा हवा होता, म्हणजे पाणी सगळीकडून सारखं उतरेल आणि लाट विस्कटणार नाही. त्यासाठी आम्ही गाड्यांच्या नंबरप्लेट आणि दुकानांच्या पाट्या करणाऱ्या माणसाकडे गेलो. ॲक्रिलिकच्या चादरीला हजारो भोकं पाडायची म्हटल्यावर तो वैतागला. "साहेब, हे कशाला पाहिजे पण?" सर शांतपणे म्हणाले, "विश्व मोठं करायचंय." त्यानं मान हलवली, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "किती बाय किती?" सर म्हणाले, "चार बाय दोन." पुढे कितीतरी वर्षं आमच्यात हे चालू होतं. मी फोनवर काम कसं चाललंय विचारलं, की ते म्हणायचे, "चार बाय दोन."

मला लातूरच्या एका कॉलेजात नोकरी लागली तेव्हा पेटीही माझ्याबरोबर टेंपोतून लातूरला आली. प्रबंधाचा शेवटचा आणि महत्त्वाचा भाग उरला होता. विश्वाच्या प्रसरणाने लहरीला एक ओढ बसते, ती जणू ब्रेक लागल्यासारखी विझत जाते, असं गणित सांगतं. पेटीतली लाटही तशीच विझते का, आणि पाणी जितक्या वेगाने उतरेल तितकी लवकर विझते का, हे मोजायचं होतं. चौदा दिवसांचं काम. पहिल्या दिवशी पाणी अगदी सावकाश उतरवायचं, मग रोज तळाचा नळ थोडा जास्त उघडायचा. सर दर शनिवारी नांदेडहून येणार होते. त्यांची एकच ताकीद होती. "रोज ताजं पाणी. वापरलेलं झाडाला घाल. परत पेटीत न्हाई."

आणि ते वर्ष लातूरला पाणी नसलेलं वर्ष निघालं.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. नळाला पाणी येण्याचे दिवस लोकांनी मोजायचे सोडून दिले होते. पेटी भरायला रोज एक जार लागायचा, शुद्ध पाण्याचा, वीस लिटरचा. प्राचार्यांनी नाराजीनेच, पण मंजुरी दिली होती. प्रयोगशाळेच्या खिडकीखाली रस्ता होता. तिथे टँकर यायचा, आणि पहिल्याच दिवशी मी वर पेटीत पाणी ओतत असताना खाली घागरी आपटल्याचे आवाज येत होते. मी एक लाट सोडली, नळ उघडला, मोबाइलने चित्रण केलं, अर्धा दिवस तेच केलं. संध्याकाळी ताजं म्हणून घेतलेलं ते पाणी खालच्या टाकीत स्वच्छ दिसत होतं. ते मला ओतवेना. दुसऱ्या दिवशी तेच पाणी मी परत वर घेतलं आणि त्या दिवशीचा जार... तो मी रिक्षात घालून घरी नेला.

घरी सासूबाई होत्या आणि दोन वर्षांचा मुलगा होता. त्याला बोअरच्या पाण्याने जुलाब झाले होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही, होतं ते सांगते. मग रोजच तसं होत गेलं. पेटीत तेच पाणी, घरी नवा जार. वहीत रोजच्या नोंदीच्या शेवटी एक रकाना होता, त्यात मी रोज लिहायची, "पाणी बदलले." पहिल्यांदा लिहिताना हात थांबला होता. चौथ्या दिवसापासून थांबेनासा झाला.

शनिवारी सर आले, आकडे बघितले आणि खूश झाले. पाणी जितकं भराभर उतरवलं तितकी लाट लवकर विझत होती, गणिताच्या रेघेवर बोट ठेवावं तशी. त्या दिवशी ते घरी जेवायला आले. सासूबाईंनी पितळी तांब्या भरून पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "प्या सर बिनघोर. बोअरचं न्हाई, जारचं हाय. सुनबाई रोज कालिजातून आणतीया." मी भाकरी वाढत होते. सरांनी तांब्या उचलला, पाणी पिऊन घेतलं, म्हणाले, "गोड हाय पाणी," आणि मुलाला मांडीवर घेऊन त्याच्याशी खेळत बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांना काही कळलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. मला वाटतं, तेव्हा खरंच कळलं नसावं. पुढे जे झालं त्यानंतर मात्र त्यांना तो तांब्या आठवला असेल की नाही, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं कुरतडत राहिला.

पेपर लिहून झाला, बाहेरच्या एका नियतकालिकाने स्वीकारलाही. माझा प्रबंध त्यावर उभा होता, आणि माझी नोकरी कायम होणं प्रबंधावर. घरी पेढे वाटून झाले होते. आणि सरांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी पेटी नांदेडला परत मागवली आणि एकट्याने सगळे प्रयोग पुन्हा केले, उलट्या क्रमाने. पहिल्या दिवशी नळ पूर्ण उघडा, मग रोज थोडा कमी. पाणी रोज ताजं. परिणाम जवळपास नाहीसाच झाला. जो होता तो अगदी बारीक, डोळे ताणून बघावं इतका.

त्यांनी मला नांदेडला बोलावून घेतलं आणि कागद पुढे ठेवले. मला एका क्षणात कळलं. तेच पाणी दोन आठवडे वापरलं की त्यावर धूळ येते, हाताचं तेल येतं, डोळ्यांना न दिसणारा एक तवंग धरतो, आणि तवंग लाटेला मारतो. रोज पाणी जुनं होत होतं आणि रोज मी नळ जास्त उघडत होते. लाट विझत होती ती प्रसरणाने नव्हे, माझ्या शिळ्या पाण्याने. वापरलेलं पाणी ओतून द्यायचं जिवावर येणं ही आमच्या गावची सवय, आणि त्या सवयीचा आम्ही एक वैज्ञानिक निष्कर्ष करून बाहेरदेशी पाठवला होता.

त्या वेळी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. उलट भांडले. "पेपर मागे घेऊ नका सर," मी म्हणाले. "परिणाम आहे ना थोडा? मग राहू द्या."

"थोडा हाय. आपण लई लिहिलाय."

"तुमचं काय जातंय सर? तुम्ही दोन वर्षांनी रिटायर होणार. माझं सगळं पुढं पडलंय."

हे मी म्हणाले. ज्या माणसाने स्कूटरवर मागे बसवून मला पाट्यांच्या दुकानात नेलं, माझं बाळंतपण झालं तेव्हा वर्षभर एका शब्दाने कामाबद्दल विचारलं नाही, त्याला मी हे म्हणाले. त्यांनी पुढे ठेवलेले कागद गोळा केले. मग म्हणाले, "जाव्हा जाव्हा तू हे कुणाला शिकवशील, ताव्हा तुला तो पेपर आठवंल. ते लई जड जाईल, बाई." आणि त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहायला घेतलं. पत्रात होतं, "प्रयोगातल्या पाण्याची शुद्धता राखण्यात मार्गदर्शक या नात्याने माझ्याकडून हयगय झाली." माझ्याकडून. खाली फक्त त्यांची सही.

आमच्या भागात अशा गोष्टीचा बोभाटा व्हायला वेळ लागत नाही. वडजे सरांनी चुकीचा पेपर छापला, एवढंच लोकांपर्यंत पोचलं. त्यांनी तो स्वतः तपासून स्वतः मागे घेतला, हे सांगायला कुणाला सवड नव्हती. निवृत्तीच्या समारंभात एका वक्त्याने त्यावर विनोदही केला आणि लोक हसले. मीही मंचावर होते. सर हसले म्हणून मला वाटलं, त्यांना लागलं नसेल. माणसाला आपल्या सोयीचं काहीही वाटतं.

पेपर मागे घेतल्यावर दोन वर्षं मी नांदेडला येऊन-जाऊन सगळं पुन्हा मोजलं, रोज ताज्या पाण्याने. छोटा परिणाम खरा निघाला. प्रबंध झाला, लहानसा, पण खरा. आजवर त्यातलं एक अक्षर खोडावं लागलेलं नाही. सरांनी मला त्या चौदा दिवसांबद्दल कधी विचारलं नाही. पुढे मी वर्षातून तीन-चारदा त्यांच्याकडे जायची, पोहे खायची, परतीच्या बसची वेळ झाली की उठायची. शेवटची भेट दिवाळीनंतरची. हात थरथरायला लागले होते, पण बोलणं तेच. मुलगा सहावीत गेलाय म्हटल्यावर म्हणाले, "तांब्याभर होतं ते पोरगं." मी चपापले. ते मात्र शांतपणे शेंगा सोलत होते. मी निघताना दारापर्यंत आले, काहीतरी बोलतील असं वाटलं... आणि म्हणाले, "नीट जा."

तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी मी काकूंना भेटायला गेले. या वेळी मुलाला घेऊन. काकूंनी त्याला जवळ घेतलं, खायला दिलं, आणि मला म्हणाल्या, "त्यांच्या वह्या तूच बघ बाई. मला त्यातलं कळत न्हाई, आणि रद्दीत घालवत न्हाई."

सरांच्या वह्यांची एक पद्धत होती, ती त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेली आहे. नोंदी फक्त उजव्या पानावर करायच्या. डावं पान कोरं ठेवायचं, ते दुरुस्तीसाठी. नोंद खोडायची नाही, पान फाडायचं नाही. चूक कळली की समोरच्या डाव्या पानावर ती काय झाली ते लिहायचं, आणि ज्याची चूक त्यानेच लिहायचं, दुसऱ्याने नाही. खाली तारीख. मग दुसऱ्या माणसाने वाचून "पाहिले" असं लिहून सही करायची. एवढं झालं की तो विषय संपला, त्यावर पुन्हा कुणी बोलायचं नाही. सरांच्या स्वतःच्या वह्यांची डावी पानं भरून गेलेली आहेत. नळ नीट बसला नव्हता, घाईत वाचलं, घरी भांडून आलो होतो आणि लक्ष नव्हतं... असलं सगळं. त्यांतल्या कितीतरी कबुल्यांखाली माझं "पाहिले" आहे.

काकूंनी कपाट उघडलं. वह्या वर्षांप्रमाणे लावलेल्या होत्या. एक मात्र वेगळी, वरच्या खणात, एकटी. काकू म्हणाल्या, "ही वरच असायची. तू येणार म्हणलं की काढून टेबलावर ठेवायचे. तू गेली की परत कपाटात. मी म्हणायची, काय हाय हो तिच्यात, द्यायची तर देऊन टाका की. तर म्हणायचे, तिचं ती मागंल."

ती लातूरची वही होती. मला ती टेबलावर कधी दिसली नव्हती. खरं सांगायचं तर दिसली असणार, मी बघितली नसणार. उजव्या पानांवर माझं तेव्हाचं टापटीप अक्षर, चौदा दिवस, चौदा वेळा "पाणी बदलले." डावी पानं कोरी. फक्त पहिल्या दिवसासमोरच्या डाव्या पानावर, अगदी वर, पेन्सिलीने सरांच्या अक्षरात तीन शब्द होते. "ही जागा सुनीताची." खाली तारीख होती. ज्या दिवशी त्यांनी ते पत्र पाठवलं, त्याच दिवसाची.

त्यांना माहीत होतं. पत्र लिहिलं त्या दिवसापासून माहीत होतं. निवृत्तीच्या समारंभात लोक हसले तेव्हाही माहीत होतं. आणि दर भेटीला ते ती वही माझ्यासमोर मांडत होते, आणि मी त्यांच्यासमोर बसून पोहे खात होते. मला तिथे जे रडू आलं ते बसमध्ये न आलेलं सगळं होतं. मुलगा घाबरून गेला. काकूंनी त्याला आत नेलं.

मी सरांच्या टेबलाशी बसले आणि लिहिलं. पाणी बदलले नव्हते. चौदा दिवस एकच पाणी वापरले. तेरा जार घरी नेले. सरांना सांगितले नाही. नंतर कळल्यावरही सांगितले नाही, उलट त्यांना बोलले. चूक पूर्णपणे माझी. खाली नाव आणि तारीख घातली. हे लिहायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

वही आता माझ्याकडे, लातूरच्या प्रयोगशाळेत आहे. नवे विद्यार्थी आले की मी त्यांना वह्यांची पद्धत समजावून सांगते आणि नमुना म्हणून ते पान उघडून दाखवते. परवा एका मुलीने ते नीट वाचलं आणि विचारलं, "मॅडम, खाली 'पाहिले'ची सही राहिलीय ना?" मी तिला हो म्हटलं.